उपऱ्यांचे पत्र

परमुलखात जाऊन राहिलेल्या मंडळींचे वाङ्मय बहुधा दोन प्रकारचे असते. एक, मागे सोडलेल्या गावाच्या आठवणींचे. दुसरे, नव्या गावात सोसाव्या लागलेल्या अपमानांचे. दोहोंत डोळ्यांना पाणी आणण्याचे सामर्थ्य असते, आणि दोन्ही वाचून झाल्यावर वाचकाच्या हाती फारसे काही उरत नाही. आता येथेच राहावयाचे आहे, तर एकमेकांशी आणि शेजाऱ्यांशी वागावे कसे, हा तिसरा प्रश्न पुसणारे वाङ्मय विरळा. त्या विरळ वाङ्मयातील एक लहानसे पत्र आम्ही आज परीक्षणासाठी घेतले आहे. ते ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या नव्या करारातील असून 'पेत्राचे पहिले पत्र' या नावाने ओळखले जाते. त्याचे अध्याय पाच, वचने १०५. संथपणे वाचले तरी अर्ध्या तासात संपते.

या पृष्ठांचे वाचक बहुतांशी देवस्थानांच्या परिसरात वाढलेले. त्यांतील कोणी विचारील की, परधर्माच्या उपदेशपत्राशी आपला संबंध काय? आमचे उत्तर दुहेरी आहे. पहिले असे की, ग्रंथाची पारख करताना ग्रंथकर्त्याचा धर्म विचारणे हे टीकाकाराचे काम नव्हे. ग्रंथाने जे योजिले ते त्याला साधले की नाही, आणि जे योजिले ते साधण्याजोगे होते की नाही, एवढेच त्याने पाहावे. दुसरे असे की, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव आणि गोमंतक येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी लोकांना या पत्राचा विषय मुळीच परका नाही. गोव्याच्या वाचकाच्या मनात याहून जुना आणि याहून दुखरा असा एक आक्षेप उभा राहील. त्याला आम्ही बगल देणार नाही. परंतु आधी पत्र काय आहे ते पाहू.

पत्र लिहिले आहे पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या पाच रोमन प्रांतांत पांगलेल्या ख्रिस्ती लोकांना. हे पाचही प्रांत आजच्या तुर्कस्तानात येतात. येथे 'आशिया' म्हणजे खंड नव्हे, त्या भूमीच्या पश्चिम किनाऱ्याकडचा एक प्रांत. नावांचा क्रम प्रथमदर्शनी विचित्र वाटतो, कारण पंत आणि बिथुनिया हे शेजारचे प्रदेश असून एक यादीच्या आरंभी आणि दुसरा शेवटी आला आहे. पत्र घेऊन निघालेला माणूस ज्या वाटेने फिरणार होता तिचाच हा क्रम असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे, आणि तो आम्हांस पटतो. एकच पत्र गावोगाव फिरावयाचे, आणि जेथे जाईल तेथे जमलेल्या मंडळींपुढे मोठ्याने वाचले जावयाचे. कप्पदुकियातील एखाद्या घरात दाटीवाटीने बसलेल्या दहावीस माणसांना पहिल्याच वाक्यात समजते की, आपल्यासारखे लोक आणखी चार प्रांतांत आहेत. धीर देण्याचे अर्धे काम पत्त्यानेच झाले. पत्रलेखकाच्या कौशल्याची ही पहिली खूण.

हा लेखक कोण, याविषयी पंडितांत एकमत नाही. परंपरा म्हणते की, येशूचा शिष्य पेत्र, गालीलचा कोळी, यानेच ते लिहिले. तो नीरो बादशहाच्या काळी, इ. स. ६४च्या सुमारास, रोमला मारला गेला असे मानतात. पत्राची ग्रीक भाषा एका कोळ्याच्या मानाने फार घोटीव आहे, म्हणून पुष्कळ आधुनिक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, पेत्राच्या नावाने त्याच्या परंपरेतील कोणी लिहिले असावे, असे समजतात. पत्राच्या शेवटी सिल्वान नावाच्या साहाय्यकाचा उल्लेख आहे, त्यावरून परंपरेचे अभिमानी आपली बाजू मांडतात. आमच्या विवेचनाला या वादाचा निकाल लागण्याची गरज नाही. आम्हांस महत्त्वाची वाटते ती शेवटची एक गोष्ट: लेखक आपण 'बाबेल' येथून लिहीत असल्याचे सूचित करतो. बाबेल म्हणजे येथे रोम, यावर बहुतेकांचे एकमत आहे. यहुद्यांच्या स्मृतीत बाबेल हे हद्दपारीचे नगर. राजधानीत बसून लिहिणारा हा मनुष्य राजधानीला हद्दपारीचे गाव म्हणतो. अर्थात तोही वाचकांइतकाच बाहेरचा आहे. उंचावरून खाली टाकलेला उपदेश आणि बरोबरीच्या माणसाने दिलेला धीर यांत जो फरक असतो, तो येथे या एका शब्दाने साधला आहे.

आता पत्राच्या मुख्य शब्दाकडे वळू. वाचकांना उद्देशून लेखक दोन ग्रीक शब्द योजतो. त्यांतील एकाचा अर्थ थोड्या काळापुरता आलेला पाहुणा. दुसरा 'पारोइकोस': शब्दशः, घराच्या शेजारी राहणारा, व्यवहारात, परगावाहून येऊन वस्ती केलेला आणि पूर्ण नागरिकत्व नसलेला मनुष्य. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी या प्रकारच्या माणसासाठी 'उपरी' हा शब्द घेतला, आणि आमच्या मते मराठी भाषांतराच्या इतिहासातील ही एक अत्यंत भाग्याची निवड आहे. 'उपरी' हा भावनेचा शब्द नव्हे, तो आपल्या महसुली व्यवस्थेतील शब्द आहे. मराठेशाहीत गावच्या जमिनीवर ज्याचा वंशपरंपरा हक्क तो मिरासदार. आणि बाहेरून येऊन गावची जमीन कसणारा, परंतु जिच्यावर वारसाहक्क नाही असा, तो उपरी. उपरी नांगर धरतो, सारा भरतो, पोरेबाळे वाढवतो; गावकीत मात्र मिरासदाराच्या शब्दाचे वजन त्याच्या शब्दाला नाही. गोव्याच्या वाचकाने मुंडकार आठवावा: भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून पिढ्या काढलेला, परंतु १९७५च्या कायद्याने संरक्षण मिळेपर्यंत दुसऱ्याच्या मर्जीवर राहिलेला. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला 'उपरा' हे नाव दिले तेव्हा याच शब्दकुळाची धार मराठी वाचकाला पुन्हा एकदा लागली होती.

हे उपरेपण खरे की लाक्षणिक, असा वाद विद्वानांत आहे. एक पक्ष म्हणतो, ख्रिस्ती मनुष्याचे खरे घर स्वर्गात, म्हणून पृथ्वीवर तो सर्वत्रच उपरी. पत्राचा आशय तेवढाच. जॉन एलियट या अभ्यासकाने १९८१ साली दुसरा पक्ष जोरकसपणे मांडला: हे लोक कायद्याच्या अर्थानेच परके, हक्कहीन रहिवासी होते आणि त्यांची ददात सामाजिक होती. आमच्या वकिली बुद्धीला यातील कोणताही पक्ष एकटा पुरेसा वाटत नाही, आणि त्याचे कारण या शब्दजोडीच्या उगमात आहे. हीच जोडी जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात अब्राहामाच्या तोंडी येते. त्याची पत्नी सारा वारली आहे, आणि तिला पुरण्यापुरतीही जमीन त्याच्या मालकीची नाही. तो हेथी लोकांसमोर उभा राहून, आपण तुमच्यातले एक परके रहिवासी आहोत असे सांगतो आणि मोल देऊन जागा मागतो. मग नगरवेशीपाशी, साक्षीदारांदेखत, ४०० शेकेल रुपे तोलून दिले जाते. आणि ग्रंथकार एखाद्या खरेदीखताप्रमाणे शेत, त्यातील गुहा आणि हद्दीवरची झाडेसुद्धा नोंदवून ठेवतो. ज्याला देवाने साऱ्या देशाचे वचन दिले त्याच्या हाती प्रत्यक्षात आली ती एक स्मशानभूमी. ज्या शब्दांमागे असे खरेदीखत आहे ते शब्द केवळ आध्यात्मिक कसे असतील? आणि ज्यांच्यामागे असे वचन आहे ते केवळ महसुली तरी कसे असतील?

या शब्दाचे पुढचे भवितव्यही बोधप्रद आहे. 'पारोइकोस'वरून 'पारोइकिया' म्हणजे परक्या गावचे बिऱ्हाड. लॅटिनमधून फिरत फिरत तोच शब्द इंग्रजीत 'पॅरिश' आणि पोर्तुगीजमध्ये 'पारोकिया' झाला. गोव्यात कोकणी ख्रिस्ती जिला 'फिर्गज' म्हणतात ती हीच संस्था, जरी तो शब्द निराळ्या मुळाचा आहे. ज्या नावाचा अर्थ बिऱ्हाड, ते नाव पुढे जमीनजुमला, घंटाघर आणि दफ्तर असलेल्या कायम वतनाचे झाले. बिऱ्हाडाचे वतन होताना काय हरवते, हा प्रश्न आमच्या लेखाच्या उत्तरार्धात परत येणार आहे.

पत्रातील ऐक्याची कल्पना आता पाहू. बाहेरून दडपण आले की माणसे आपोआप जवळ येतात, आणि दडपण गेले की तशीच पांगतात; अशा ऐक्यावर लेखकाचा भरवसा दिसत नाही. तो ऐक्याला घराची उपमा देतो. प्रत्येक मनुष्य एक जिवंत दगड, आणि असे दगड रचून देवाचे घर उभे राहावयाचे. ग्रीक भाषेत घर म्हणजे 'ओइकोस'. ज्यांना 'पारोइकोस', घराबाहेरचे, म्हणून हिणवले जाते त्यांनाच तो 'ओइकोस' म्हणतो. शब्दांचा हा खेळ आहे खरा. परंतु लेखक खेळावर थांबत नाही. घर उभे ठेवण्यासाठी तो कामे वाटून देतो. दारी आलेल्याला कुरकुर न करता घरात घ्या. ज्याला जे देणे मिळाले असेल, कोणाला वाणी, कोणाला सेवेची ताकद, ते स्वतःचे समजू नका. कारभाऱ्याप्रमाणे इतरांसाठी वापरा. वडीलधाऱ्यांनी पैशाच्या लोभाने किंवा धनीपणा गाजवण्यासाठी मंडळी चालवू नये. वाइटाची फेड वाइटाने करू नका.

'कुरकुर न करता' या अटीवर आम्ही क्षणभर थांबलो. परगावी राहणाऱ्या कोणत्याही मंडळाचा कारभार ज्याने पाहिला आहे त्याला तिचे मोल कळेल. आपल्या गावचा म्हणून आलेला पाहुणा पहिल्या दिवशी गोड लागतो, आठव्या दिवशी त्याच्या आंघोळीच्या पाण्याचा हिशेब होऊ लागतो. अशा वेळी पत्रलेखक बंधुप्रेमाचे प्रवचन झोडीत नाही. नेमके जेथे प्रेम झिजते त्या जागेवर बोट ठेवतो. उपदेशपर वाङ्मयात अशी नेमकी जागा सापडणे दुर्मिळ. पुष्कळ उपदेशक गुणांची नामावळी देतात. याला घराची वहिवाट ठाऊक आहे.

धीर देण्याची त्याची रीतही अशीच संयत आहे. तुमचे दुःख लवकरच टळेल असे तो खात्रीने सांगत नाही, आणि तुमचे दुःख अपूर्व आहे अशी खुशामतही करीत नाही. उलट तो म्हणतो की, जगभर पसरलेल्या तुमच्या बंधुवर्गाला हेच भोगावे लागत आहे. येथे त्याने वापरलेला 'बंधुवर्ग' या अर्थाचा समूहवाचक शब्द साऱ्या नव्या करारात याच पत्रात, आणि दोनच वेळा, येतो. दुःख एकट्याचे नाही एवढे कळल्याने ते कमी होत नाही. परंतु त्यातील लाज निघून जाते. मराठीत 'धीर' या एका शब्दात वाट पाहणे आणि न भिणे हे दोन्ही अर्थ सामावतात. पत्रलेखकाला हवा असलेला गुण आमच्या भाषेला एका शब्दात सांगता येतो, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो.

या लोकांना भय कशाचे होते? सुदैवाने त्याच मुलखातील एक सरकारी कागद आपल्यापर्यंत पोहोचला आहे, आणि वकिलाला त्याहून मोठी मेजवानी नाही. इ. स. ११०च्या सुमारास धाकटा प्लिनी हा बिथुनिया आणि पंत या प्रांताचा सुभेदार झाला. त्याने त्राजान बादशहाला पत्र लिहून विचारले की, ख्रिस्ती लोकांना शिक्षा करावयाची ती केवळ त्या नावासाठी, की त्या नावाखाली घडलेल्या गुन्ह्यांसाठी? उत्तर येण्याआधीच त्याने काहींना तीनदा विचारून, तरीही ते मागे न हटल्यामुळे, मृत्युदंडासाठी पाठवले होते. चौकशीत त्याला आढळले ते एवढेच: ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमणे, ख्रिस्ताची स्तुती गाणे, चोरी, व्यभिचार व विश्वासघात करणार नाही आणि मागितलेली ठेव नाकारणार नाही अशी शपथ घेणे, आणि नंतर एकत्र साधे जेवण. बादशहाचे उत्तर आले: त्यांचा शोध काढू नये, फिर्याद होऊन शाबीत झाल्यास शिक्षा करावी, आमच्या देवांची पूजा करील त्याला माफी द्यावी, निनावी अर्ज घेऊ नयेत. न्यायाच्या दृष्टीने हा निकाल लंगडा आहे. गुन्हा असेल तर शोध का नको, आणि शोध नको असेल तर शिक्षा का? परंतु राज्यकर्त्याच्या सोयीच्या दृष्टीने तो अगदी समजण्याजोगा आहे. याच त्राजानाने निकोमेदिया शहरात आगी विझवण्यासाठी १५० माणसांचे पथक स्थापण्याची प्लिनीची विनंतीही फेटाळली होती. लोक कोणत्याही निमित्ताने एकत्र आले की त्यांचे राजकीय टोळके होते, अशी त्याची समजूत होती. जेथे आगीचा बंबसुद्धा संशयास्पद, तेथे पहाटे जमणाऱ्या उपऱ्यांकडे कोणत्या नजरेने पाहिले जात असेल हे सांगावयास नको.

आता प्लिनीचा प्रश्न हाती धरून पेत्राचे पत्र पुन्हा वाचावे. खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कारभारात लुडबूड करणारा म्हणून तुमच्यापैकी कोणाला शिक्षा होऊ नये, असे लेखक बजावतो. परंतु 'ख्रिस्ती' म्हणून झाली तर लाज मानू नये. नाव आणि गुन्हा यांत जो भेद सुभेदाराला सुचला तोच भेद आरोपींच्या बाजूने येथे आधीच केलेला आहे. पत्रात कायद्याची भाषा जागोजाग डोकावते. तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर देण्यास सिद्ध असा, या उपदेशातील 'उत्तर' हा शब्द कोर्टातील कैफियतीचा आहे. आणि सैतानाला योजलेला शब्दही मूळचा दाव्यातील प्रतिपक्षाचा. परंतु ही कैफियत सौम्यपणे आणि आदराने द्यावी अशी अट आहे. आम्हांला पत्राचा हा सर्वांत मोठा गुण वाटतो. छळ सोसणाऱ्या समाजाला एकजीव करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे शेजाऱ्याचा द्वेष शिकवणे. लेखकाने तो उपाय हातचा असून वापरला नाही. जुने सोबती टर उडवतात हे तो मान्य करतो, पण त्या सोबत्यांनाच तुमचे वागणे दिसत आहे याची आठवण देतो. सर्वांना मान द्या, असे तो सांगतो. त्या 'सर्वांत' फिर्यादीही येतात.

गुण सांगितले, आता दोष. शेजाऱ्यांचा सद्भाव मिळवावयाचा तर त्याची किंमत कोणी तरी द्यावी लागते, आणि ती या पत्रात घरातील सर्वांत दुबळ्यांवर बसवली आहे. दासांना लेखक सांगतो की, धनी भला असो वा वाकडा, त्याच्या आज्ञेत राहा. स्त्रियांना सांगतो की, पती या धर्माचा नसला तरी त्याच्या अधीन राहा, म्हणजे तुमच्या मुक्या वर्तनाने तो वळेल. वकिलाच्या सवयीने आम्ही मोजदाद केली: दासांना उद्देशून आठ वचने, धन्यांना एकही नाही, पत्नींना सहा, पतींना एक. हे पारडे समतोल म्हणता येत नाही. लेखकाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, ज्यांना त्या काळचे कायदे माणूस म्हणून फारसे ओळखत नव्हते त्यांच्याशी तो प्रत्यक्ष, नाव घेऊन बोलतो, आणि दासाच्या सोसण्यात तो आपल्या देवाचेच सोसणे पाहतो. पत्नीने पतीचेच देव पुजावेत असे त्याच काळचा ग्रीक लेखक प्लुटार्क सांगत होता. तेव्हा निराळी श्रद्धा बाळगणारी पत्नी स्वतःच्या माजघरातच उपरी होती, हे लेखकाने जाणले आहे. परंतु जाणणे निराळे आणि सोडवणे निराळे. तिला त्याने धीर दिला, वकील दिला नाही.

आणि येथेच प्लिनीच्या कागदातील एक तपशील आम्हांस पत्रावरचे सर्वांत मार्मिक भाष्य वाटतो. ख्रिस्ती मंडळींत खरोखर काय चालते हे काढून घेण्यासाठी प्लिनीने दोन स्त्रियांचा शारीरिक छळ केला. त्या दासी होत्या, आणि मंडळीत 'सेविका' या पदावर होत्या, असे तो लिहितो. त्यांची नावे त्याने दिली नाहीत. ज्यांना पत्राने गप्प राहून सोसावयास सांगितले त्या स्त्रिया आणि त्या दासी, दोन पिढ्यांच्या आतच त्याच प्रांतात मंडळीच्या कारभारी होत्या, आणि साऱ्या बंधुवर्गाची कैफियत देण्याची पाळी त्यांच्यावर आली. पत्राच्या शब्दांपेक्षा पत्राने उभे केलेले घर अधिक उदार निघाले. ग्रंथाचे मोल करताना त्याच्या वाचकांनी त्याचे काय केले हेही जमेस धरावे लागते. तसे धरले तर हा दोष पुसला जात नाही, पण एकटाही उरत नाही.

आता गोव्याच्या वाचकाचा आक्षेप. ज्यांना नावासाठी शिक्षा होत होती त्यांचा छळ ३१३ साली थांबला, ३८० साली त्यांचा धर्म रोमचा राजधर्म झाला, आणि १५१० साली त्या धर्माच्या राजाचे निशाण गोव्यावर लागले. पुढील काही दशकांत तिसवाडी, बारदेस आणि सासष्टी येथील देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला गेला. हा अंत्रुज महाल त्या वेळी पोर्तुगीज सत्तेबाहेर होता. देवच उपरी झाले, आणि भक्त त्यांच्यामागून. १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन, मधली काही वर्षे वगळता, १८१२ पर्यंत चालले. कायद्याने त्याचा अंमल मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर असल्यामुळे नवख्रिस्ती कुटुंबांनाही जुन्या चालीरीतींपायी त्याची झळ लागली. हे सारे करणाऱ्यांच्या ग्रंथात पेत्राचे पत्र होतेच. मग त्या पत्राचे गोडवे आम्ही कोणत्या तोंडाने गावे?

आमचे म्हणणे असे आहे. पत्रात निवडलेल्या, पवित्र अशा लोकसमूहाची भाषा आहे. हक्कहीन माणसाला ती भाषा पाठीवर फिरलेल्या हातासारखी वाटते. तीच भाषा सत्ताधाऱ्याच्या तोंडी गेली की शेजाऱ्याला घराबाहेर काढण्याचा परवाना होते. शब्द बदलत नाहीत, बोलणाऱ्याची जागा बदलते. जे पत्र उपऱ्यांसाठी लिहिले ते मिरासदारांनी वाचले, आणि वाचताना आपण पत्त्यातील माणसे राहिलो नाही हे त्यांच्या ध्यानी आले नाही. हा दोष पत्राचा किती आणि वाचकांचा किती, याची वाटणी आम्ही अशी करतो: सौम्यतेची अट पत्रात स्पष्ट लिहिलेली होती, म्हणून मोठा वाटा वाचकांचा, परंतु सत्ता हाती आल्यावर काय करावे याविषयी पत्र मुके आहे, म्हणून लहान वाटा पत्राचाही.

इतिहासाने पुढे एक फिरकी घेतली. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांतील खलाशी, आचारी, वादक पोटासाठी मुंबईला गेले, आणि धोबी तलाव, माझगाव येथे त्यांनी गावागावाच्या 'कुडी' काढल्या. अल्प भाड्यात पथारी, एका बाजूस वेदी, सायंकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाचा तेर्स, आणि वर्षातून एकदा गावच्या संताचे फेस्त. १९६१ पर्यंत हे लोक मुंबईत कायद्यानेही परराज्यातले होते. जहाज सुटेपर्यंत बेकार राहिलेल्या खलाशाला जिने छप्पर दिले ती कूड म्हणजे पेत्राच्या पत्रातील बिऱ्हाडाची आमच्या किनाऱ्यावरची आवृत्ती होय. तिची मर्यादाही दिसते: कूड ही गावाची, पत्राचा पत्ता पाच प्रांतांचा. आपल्या गावच्या माणसाला कुरकुर न करता घरात घेणे हे पुण्य खरे, पण पत्राची कसोटी त्याहून कठीण आहे.

ती कसोटी आमच्यावरही लागू आहे. या मासिकाच्या वाचकांत दोन्ही तऱ्हेचे वारस आहेत. अंत्रुजात देव घेऊन आलेले उपरी होते, आणि तेथील गावांनी त्यांना जागा दिली म्हणून आजची देवळे उभी आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे गेलेले आमचे पूर्वज होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या सत्तेबरोबर गेले. ते तेथे मिरासदारच होते, आणि १९४८-४९ मध्ये संस्थाने विलीन झाल्यावर इतरांसारखे रहिवासी झाले. आमच्या मंडळांच्या घटनांत आपल्या माणसांच्या ऐक्याचे कलम बहुधा पहिले असते. त्या ऐक्याचा उपयोग दारी आलेल्या परक्याला होतो काय, मंडळाच्या पंगतीत वाढणाऱ्या बायका मंडळाच्या बैठकीत बोलतात काय, आणि आमची कैफियत आम्ही शेजाऱ्याला त्याचा मान ठेवून देतो काय, हे प्रश्न विचारण्यास ख्रिस्ती व्हावे लागत नाही.

एकूण पाहता, हे पत्र थोर वाङ्मयात मोडते असे आमचे मत आहे. त्याचा दोष त्याच्या काळाचा म्हणून आम्ही माफ करीत नाही. पण परमुलखातील माणसांना द्वेषाचा आधार न देता एकत्र ठेवण्याची जी विद्या त्यात आहे, ती आजही दुर्मिळ आहे. वाचकांनी ते एकदा वाचावे; आणि वाचताना आपण पत्त्यातील उपरी आहोत, की ज्याच्या दारी ते उपरी उभे आहेत तो मिरासदार, हे आधी ठरवून घ्यावे.